ब्रिटिश स्पीडवे: ब्रेक नसलेल्या बाईक्सचा हा खेळ संपत चाललाय का? संपूर्ण माहिती

रील्स स्क्रोल करताना हा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. लालसर मातीचा ट्रॅक, चार बाईक्स, चौघेही डावीकडे वळतायत, पण बाईकचं पुढचं चाक मात्र उजवीकडे वळलेलं. मागून मातीचा फवारा उडतोय आणि मिनिटभरात सगळं संपतं. खाली कुणीतरी हमखास विचारतं, "अरे, हे ब्रेक का मारत नाहीत?"

उत्तर सोपं आहे. या बाईकला ब्रेकच नसतात.

या खेळाचं नाव आहे स्पीडवे. ब्रिटनमध्ये तो जवळपास शंभर वर्षं चालू आहे. १९८१ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये त्याची वर्ल्ड फायनल बघायला सुमारे ९०,००० लोक आले होते. आणि २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वात वरच्या लीगमध्ये संघ उरले होते फक्त ७.

मग मधल्या काळात झालं काय? खेळ कंटाळवाणा झाला? बाईक्स जुन्या झाल्या? की कारण वेगळंच आहे? या लेखात आपण आधी बाईकची टेक्नॉलॉजी समजून घेऊ, मग ब्रिटनमध्ये हा खेळ का घसरला ते पाहू, आणि शेवटी तो टिकेल का याचा अंदाज घेऊ.

स्पीडवे म्हणजे नक्की काय?

अंडाकृती ट्रॅक, लांबी साधारण २६० ते ४२५ मीटर. वर भुरभुरीत मातीचा आणि बारीक खडीचा थर. एका शर्यतीत चार रायडर, चार लॅप्स, दिशा नेहमी घड्याळाच्या उलट. म्हणजे सगळी वळणं डावीकडेच.

लीगच्या सामन्यात दोन संघ असतात. प्रत्येक शर्यतीला 'हीट' म्हणतात आणि सामन्यात साधारण १५ हीट्स होतात. प्रत्येक हीटमध्ये दोन्ही संघांचे दोन-दोन रायडर उतरतात. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि शेवटच्याला शून्य. यजमान संघाची हेल्मेट लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी. त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्यालाही दोन मिनिटांत सगळं समजतं.

एका हीटमध्ये एकूण ६ गुण, १५ हीट्सचे ९०. म्हणून ४६-४४ असा स्कोअर दिसला तर समजायचं की सामना शेवटपर्यंत अडकला होता.

बाईकमध्ये काय खास आहे?

स्पीडवे बाईक म्हणजे 'नको ते सगळं काढून टाका' या विचाराने बनवलेली मशीन आहे.

- इंजिन: ५०० सीसी, एकच सिलिंडर, फोर-स्ट्रोक.
- इंधन: पेट्रोल नाही, मिथेनॉल. मिथेनॉलची वाफ होताना ते बरीच उष्णता शोषतं. त्यामुळे इंजिन आतून थंड राहतं आणि कॉम्प्रेशन रेशो जास्त ठेवता येतो. म्हणजे तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद. तोटा असा की मिथेनॉलची ज्वाला दिवसाच्या उजेडात नीट दिसतही नाही.
- गिअर: फक्त एक. क्लचचं खरं काम स्टार्टच्या वेळी.
- वजन: नियमानुसार किमान ७७ किलो.
- ब्रेक: नाहीत. पुढेही नाहीत, मागेही नाहीत.

तुलना करायची तर आपल्या रस्त्यांवरची ३५० सीसीची क्रूझर बाईक साधारण २० हॉर्सपॉवरची आणि १८० किलोच्या वर असते. स्पीडवे बाईक तिच्या निम्म्याहून कमी वजनाची, आणि ताकद मात्र तिप्पटीहून जास्त.

आता ब्रेकचं लॉजिक बघा. चौघे एकमेकांना जवळजवळ चिकटून जात असतात. त्यातल्या एकाने अचानक ब्रेक मारला तर मागचा थेट त्याच्यावर आदळणार. ब्रेकच नसले तर कुणीच अचानक थांबू शकत नाही, आणि मागच्याला पुढच्याचा अंदाज येतो. मग वेग कमी कसा करायचा? बाईक आडवी घसरवून. मागचं चाक मुद्दाम बाहेर फेकायचं, पुढचं चाक उलट दिशेला धरायचं आणि थ्रॉटलने तोल सांभाळायचा. ते घसरणं हाच इथला ब्रेक. डाव्या बुटाखाली स्टीलचा तळवा बांधलेला असतो, वळणावर तो पाय मातीवर टेकवून रायडर बाईक सांभाळतो. मनगटाला एक दोरी बांधलेली असते. रायडर पडला की दोरी खेचली जाते आणि इंजिन बंद होतं.

एक ओळखीचं नावही इथे भेटतं: जावा. आपल्याकडे मैसूरला बनलेल्या आणि २०१८ मध्ये नव्याने बाजारात आलेल्या जावा बाईक्स सगळ्यांना माहीत आहेत. हे मूळ चेक नाव. स्पीडवेमध्ये आधी ब्रिटनच्या जॅप इंजिनांचं राज्य होतं, नंतर चेक बनावटीच्या जावा इंजिनांनी ते मोडून काढलं.

ब्रिटनमध्ये हा खेळ आला कसा?

सुरुवात ऑस्ट्रेलियात १९२० च्या दशकात झाली. ब्रिटनमधली पहिली मोठी स्पर्धा १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टमधल्या हाय बीच इथे झाली असं मानलं जातं. गर्दी आयोजकांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त होती. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये लीग सुरू झाल्या. १९३६ मध्ये वेम्बलीला पहिली अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली आणि ती ऑस्ट्रेलियाच्या लायनेल व्हॅन प्रागने जिंकली.

इतक्या लवकर इतके ट्रॅक मिळाले कसे? इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळा लेख तिच्यावरच उभा आहे. त्याच काळात ब्रिटनच्या शहरांमध्ये ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींसाठी धडाधड स्टेडियम्स बांधली जात होती. अंडाकृती ट्रॅक, दिवे, बसायच्या जागा, सगळं तयार. स्पीडवेने तिथे भाडेकरू म्हणून संसार मांडला. स्वतःचं घर बांधलेले क्लब थोडेच होते.

पहिली घसरण, आणि त्यातून परत येणं

आजची घसरण ही पहिली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पीडवे जोरात होता, पण १९५० च्या दशकात तो धाडकन खाली आला. जबर करमणूक कर होता, आणि घराघरात टीव्ही येत होता. १९५७ मध्ये वेम्बली लायन्ससारखा बडा संघही बाहेर पडला.

पण १९६० मध्ये प्रोव्हिन्शियल लीग नावाची नवी, कमी खर्चाची लीग सुरू झाली आणि बंद पडलेले अनेक ट्रॅक पुन्हा उघडले. पुढे दोन लीगमधल्या भांडणात लॉर्ड शॉक्रॉस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. त्यातून १९६५ मध्ये १८ संघांची ब्रिटिश लीग उभी राहिली. १९७० च्या दशकात जगातला जवळपास प्रत्येक मोठा रायडर ब्रिटनमध्ये खेळायचा. न्यूझीलंडचे आयव्हन मॉगर आणि बॅरी ब्रिग्ज, डेन्मार्कचा ओले ओल्सेन, सगळे ब्रिटिश क्लबांकडून.

आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर तेव्हा सॉफ्टवेअर क्रॅश झालं होतं, हार्डवेअर शाबूत होतं. लीग मोडली, पण स्टेडियम्स जागेवर होती. रीस्टार्ट मारला आणि सिस्टिम चालू झाली.

या वेळी हार्डवेअरच जातंय. हाच खरा फरक.

कारण १: पायाखालची जमीन

१९६० च्या कायद्याने ब्रिटनमध्ये रस्त्यावरची सट्ट्याची दुकानं कायदेशीर झाली आणि १९६१ पासून ती उघडली. कुत्र्यांच्या शर्यतीवर पैसे लावायला स्टेडियममध्ये जायची गरज उरली नाही. गर्दी घटली, आणि शहराच्या मधोमध असलेली ती मोठी जागा मालकाला घरांसाठी विकणं जास्त फायद्याचं वाटू लागलं. भाडेकरू असलेल्या स्पीडवे क्लबच्या हातात काहीच नव्हतं.

लेस्टरचा ब्लॅकबर्ड रोडचा ट्रॅक १९८३ मध्ये बंद झाला, तिथे घरं झाली. मँचेस्टरचा हाइड रोड १९८७ मध्ये गेला. क्रॅडली हीथचा संघ १९९५ नंतर बेघर झाला. लंडनमधल्या हॅकनी विक स्टेडियमच्या जागेवर २०१२ च्या ऑलिम्पिकचं मीडिया सेंटर उभं राहिलं. ज्या शहरात वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली, त्या लंडनमध्ये आज एकही लीग संघ नाही.

आता अलीकडची यादी बघा. २०१६ ते २०२१ या काळात वरच्या लीगचे विजेते असे:

- २०१६: वुल्व्हरहॅम्प्टन
- २०१७: स्विंडन
- २०१८: पूल
- २०१९: स्विंडन
- २०२०: कोविडमुळे हंगाम रद्द
- २०२१: पीटरबरो

चार वेगवेगळे क्लब. त्यातले तीन आपला ट्रॅक गमावून बसले. स्विंडनने २०१९ मध्ये लीग जिंकली आणि त्यानंतर त्यांच्या ट्रॅकवर लीगचा एकही सामना झाला नाही. आधी कोविड आणि मग स्टेडियमच्या पुनर्विकासाचा घोळ, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पीटरबरोचा शेवटचा हंगाम २०२३, कारण मैदानाच्या जागेवर विकासाची योजना. वुल्व्हरहॅम्प्टनचाही शेवटचा हंगाम २०२३, कारण स्टेडियमवाल्या कंपनीने त्यांना पुढे जागा दिली नाही. चौथा क्लब, पूल, २०२० च्या हंगामासाठी स्वतःहून खालच्या लीगमध्ये गेला.

म्हणजे हे हरणारे क्लब नव्हते, चॅम्पियन होते. मैदानात जिंकले आणि भाडेकरारात हरले.

कॉव्हेंट्रीची गोष्ट तर आणखी बोचणारी. ब्रँडन स्टेडियममध्ये १९२८ पासून स्पीडवे व्हायचा. २०१६ नंतर ते बंद झालं. जमिनीच्या मालकांना तिथे घरं बांधायची होती. चाहते वर्षानुवर्षं लढले, २०२२ मध्ये स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली आणि पुढे मालकांचं अपीलही फेटाळलं गेलं. कागदावर चाहते जिंकले. पण तोवर रिकाम्या स्टेडियमची तोडफोड झाली होती, आगी लागल्या होत्या. परवानगी नाकारली म्हणून ट्रॅक आपोआप परत उभा राहत नाही.

कारण २: आवाज आणि शेजारी

ट्रॅक उघड्यावर असतो, इंजिनचा आवाज दूरवर जातो. सफोकमधल्या मिल्डनहॉल स्टेडियमची केस थेट ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. स्टेडियम १९७० च्या दशकापासून होतं. एका जोडप्याने २००६ मध्ये त्याच्या जवळ घर घेतलं आणि आवाजाबद्दल दावा लावला. २०१४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. "स्टेडियम आधीपासून होतं, तुम्ही नंतर राहायला आलात" हा बचाव पुरेसा ठरला नाही.

२०१८ मध्ये इंग्लंडच्या नियोजन धोरणात एक तत्त्व आलं: आधीपासून चालू असलेल्या ठिकाणाजवळ नवं बांधकाम करायचं असेल तर आवाजाचा बंदोबस्त नव्या बांधकामाने करायचा. याने मदत होते, पण मालकालाच जागा विकायची असेल तर हे तत्त्व तरी काय करणार?

कारण ३: पैसा पोलंडला गेला

ब्रिटिश क्लबांचं पोट मुख्यतः तिकिटांवर भरतं. पोलंडमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे बरीच स्टेडियम्स शहराच्या मालकीची आहेत, शहरं क्लबांना पैसे देतात आणि टीव्हीचा करारही मोठा आहे. तोरुन शहराने तर २००९ मध्ये नवीकोरी मोटोअरेना उघडली.

स्पीडवे रायडर एकाच वेळी दोन-तीन देशांच्या लीगमध्ये खेळू शकतो. पण बाईक, इंजिन, मेकॅनिक, व्हॅन हा सगळा खर्च त्याचा स्वतःचा असतो. तो फ्रीलान्सर आहे असं समजा. जिथे रेट चांगला, तिथे तो आधी तारखा देणार. त्यामुळे ब्रिटिश क्लबांना पोलंडच्या तारखा सांभाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी सामने ठेवावे लागतात. सोमवारी किंवा गुरुवारी रात्री, दुसऱ्या दिवशी शाळा असताना, मुलांना घेऊन किती पालक येणार?

कारण ४: पाऊस आणि रिकामा वेळ

मातीचा ट्रॅक आणि इंग्लंडचं हवामान, हे समीकरणच अवघड. पाऊस पडला की सामना रद्द आणि त्या दिवसाचं उत्पन्न शून्य.

दुसरी गोष्ट, १५ हीट्स म्हणजे प्रत्यक्ष शर्यत साधारण १५ मिनिटांची. कार्यक्रम चालतो दोन तास. मधल्या वेळात ट्रॅक्टर माती सारखी करतो, टँकर पाणी मारतो. पूर्वी याच वेळात लोक गप्पा मारायचे, हातातल्या प्रोग्रामवर पेनाने गुण लिहायचे. आज तोच वेळ फोन खाऊन टाकतो.

कारण ५: समानतेचा अल्गोरिदम

हा भाग कोडिंगवाल्यांना आवडेल. प्रत्येक रायडरची सरासरी काढली जाते. फॉर्म्युला असा:

(गुण + बोनस गुण) ÷ एकूण हीट्स × ४

बोनस म्हणजे आपल्याच साथीदाराच्या लगेच मागे, पण प्रतिस्पर्ध्याच्या पुढे आल्यावर सरासरीत धरला जाणारा एक जादा गुण. समजा एका रायडरने २० हीट्समध्ये ३६ गुण आणि ४ बोनस मिळवले. ४० ÷ २० × ४ = ८.००. हंगामाआधी संघ बनवताना सगळ्या रायडर्सच्या सरासरीची बेरीज ठरलेल्या मर्यादेच्या आत बसवावी लागते.

हेतू चांगला: श्रीमंत क्लबने सगळे स्टार घेऊन जाऊ नये. पण याचा साइड इफेक्ट बघा. एखाद्या संघाचे रायडर सुधारले की त्यांची सरासरी वाढते आणि पुढच्या वर्षी तोच संघ मर्यादेत बसत नाही. म्हणजे चांगलं खेळल्याची शिक्षा म्हणून संघ फोडावा लागतो. शिवाय रायडर जखमी झाला तर दुसऱ्या क्लबचा रायडर 'गेस्ट' म्हणून उतरवता येतो. कालचा शत्रू आज आपल्या जर्सीत. नव्या प्रेक्षकाने जीव लावायचा तरी कुणाला?

टीव्ही आणि स्ट्रीमिंगने वाचवलं का?

थोडंफार. १९९९ पासून बरीच वर्षं स्काय स्पोर्ट्सने ब्रिटिश लीग दाखवली. पुढे हक्क इतर चॅनल्सकडे फिरत राहिले. आता काही सामने पैसे भरून ऑनलाइनही बघता येतात, त्यामुळे लांब राहणाऱ्या चाहत्यांची सोय झाली. पण मोबाईलवर मिथेनॉलचा वास येत नाही आणि अंगावर माती उडत नाही, या खेळाची अर्धी मजा त्यातच आहे. आणि मुख्य म्हणजे स्ट्रीम करायला आधी ट्रॅक लागतो.

मग सगळंच संपलं का?

नाही. उलट रायडर्सच्या बाबतीत ब्रिटनचे दिवस वाईट नाहीत. टाय वॉफिंडेनने २०१३, २०१५ आणि २०१८ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. ग्रेट ब्रिटनच्या संघाने २०२१ आणि २०२४ मध्ये 'स्पीडवे ऑफ नेशन्स' जिंकली, दोन्ही वेळा मँचेस्टरमध्ये.

तेच मँचेस्टर ट्रॅकच्या बाबतीतही वाट दाखवतं. तिथे बेल व्ह्यू क्लबसाठी २०१६ मध्ये नॅशनल स्पीडवे स्टेडियम उघडलं, आणि त्यात शहराच्या कौन्सिलचा मोठा हात होता. उद्घाटनाच्याच रात्री ट्रॅक सुरक्षित नसल्याने सामना रद्द करावा लागला, भरपूर टीका झाली. पण स्टेडियम टिकलं आणि तिथे आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या. लेस्टरला २०११ मध्ये नवा ट्रॅक मिळाला. ऑक्सफर्डमध्ये २००७ नंतर बंद पडलेला स्पीडवे २०२२ मध्ये परत सुरू झाला.

पण हिशोब करून बघा. लेस्टरला २८ वर्षं लागली, ऑक्सफर्डला १५. ट्रॅक एका सहीने जातो आणि परत यायला एक पिढी जाते.

मोठ्या मंचाचंही तसंच. २००१ पासून ब्रिटिश ग्रां प्री कार्डिफच्या छप्पर असलेल्या भव्य स्टेडियममध्ये व्हायची आणि हजारो लोक तिथे वर्षातून एकदा जमायचे. २०२४ ची तिथली शेवटची ठरली, २०२५ मध्ये स्पर्धा मँचेस्टरच्या छोट्या स्टेडियममध्ये गेली. खेळाच्या हक्काच्या घरी आली म्हणून काही खूश झाले, खेळ लहान झाला म्हणून काही हळहळले. दोघांचंही बरोबर आहे.

पुढे काय? या तीन गोष्टींवर लक्ष ठेवा

१. जागेची मालकी: क्लब किंवा स्थानिक कौन्सिलकडे असलेले ट्रॅक टिकण्याची शक्यता जास्त. ग्रेहाउंड स्टेडियमवर अवलंबून असलेले क्लब जास्त धोक्यात, कारण त्या शर्यतींवरच आता बंदीची चर्चा आहे. वेल्स सरकारने २०२५ मध्ये तसा निर्णय जाहीरही केला.

२. लीगची रचना: कमी संघांची महागडी लीग की जास्त संघांची स्वस्त लीग? १९६० मध्ये दुसऱ्या पर्यायाने खेळ वाचवला होता.

३. नवे रायडर: ट्रॅक कमी झाले की सरावाच्या जागाही कमी होतात. आजचा बंद ट्रॅक म्हणजे दहा वर्षांनंतर न मिळणारा एक रायडर.

ज्याचा सगळा डोलारा दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर उभा आहे, त्याला हे दुखणं चटकन कळेल. तुमचे फॉलोअर्स कितीही असोत, अकाउंट ज्याच्या सर्व्हरवर आहे त्याने धोरण बदललं की खेळ खल्लास. फक्त अकाउंट नवीन काढता येतं. शहराच्या मध्ये नवा मातीचा ट्रॅक काढणं तितकं सोपं नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्पीडवे आणि मोटोक्रॉस एकच का?
नाही. मोटोक्रॉसमध्ये चढ-उतार आणि उड्या असतात, बाईकला गिअर आणि ब्रेक असतात. स्पीडवेचा ट्रॅक सपाट असतो आणि बाईकला एकच गिअर असतो.

ब्रेक नाहीत तर शर्यत संपल्यावर थांबतात कसे?
थ्रॉटल सोडायचा आणि बाईक मातीवर हळूहळू फिरवत वेग कमी करायचा. मोठ्या सिंगल सिलिंडर इंजिनचा स्वतःचा अवरोधही बराच असतो.

हा खेळ धोकादायक आहे का?
हो. म्हणूनच अनेक ट्रॅक्सच्या वळणांवर हवेने भरलेल्या कुंपणाचा वापर होतो. तरीही गंभीर अपघात झाले आहेत. रील बघून मातीच्या मैदानात आपली बाईक आडवी घालायला जाऊ नका.

प्रत्यक्ष बघायचा असेल तर?
ब्रिटनमध्ये हंगाम साधारण मार्च-एप्रिल ते ऑक्टोबर असतो. तुमचा भाऊ-बहीण किंवा मित्र मँचेस्टर, शेफिल्ड किंवा लेस्टरला शिकायला असेल तर या शहरांची स्पीडवेशी जुनी नाळ आहे. निघण्याआधी त्या आठवड्यात सामना आहे का आणि पाऊस आहे का, दोन्ही तपासायला सांगा.